चौकटीवरच्या दोन रेघा

(या भागाचं लिखित रूप, ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज पाहुणा कुणी नाही, आज मीच बोलणार आहे. आणि पावसाचा आवाज मागून आला तर तो काही इफेक्ट टाकलेला नाही. मी गावी आलोय, चिखलीला, आणि पत्र्याखाली बसून रेकॉर्ड करतोय.

आमच्या घराच्या मागल्या दाराला एक जुनी सागवानी चौकट आहे. त्या चौकटीवर दोन रेघा आहेत. एक पटाशीनं कोरलेली, ती १९८९ ची, आमच्या आण्णांची. आण्णा म्हणजे माझे आजोबा. दुसरी लाल ऑइलपेंटची, २००५ ची, ती पप्पांनी मारलेली. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावायला आणलेला रंग डब्यात उरला होता, त्यातच बोट बुडवून मारली. दोन्ही रेघा गुडघ्याच्या जरा वर. सोळा वर्षांच्या अंतरानं आलेले दोन महापूर, आणि दोन रेघांमध्ये अंतर किती? वीतभर सुद्धा नाही.

आजचा भाग त्या दोन रेघांबद्दल आहे. कारण त्या दोन रेघांवर विश्वास ठेवून आमचं घर २०१९ मध्ये बुडालं.

आधी जागा समजून घ्या. कोल्हापूर शहरातून शिवाजी पूल ओलांडला, रत्नागिरी रोडला लागलं, की आंबेवाडी आणि तिथून आत आमची चिखली. लोक प्रयाग चिखली म्हणतात, कारण संगम इथंच आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती, जी दिसत नाही. या पाच मिळून पंचगंगा. माघात इथं स्नानाला गर्दी होते. बाहेरच्या माणसाला ती जागा देवाची वाटते, आणि आहेच. पण जरा इंजिनिअरच्या डोक्यानं बघा. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी, एवढ्या सगळ्या डोंगरपट्ट्यात पडलेला पाऊस चार वाटांनी येतो आणि आमच्या दारात एकत्र होतो. पुढे जमीन सपाट, नदी वळणं घेत घेत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणजे आमच्याकडे येणारे पाइप चार, जाणारा एक, आणि तोही कधीकधी चोंदलेला.

मग असल्या जागी माणसं राहिलीच कशाला? हा प्रश्न मला पुण्यात ऑफिसमध्ये दर पावसाळ्यात विचारतात. न्यूज लागली की हमखास. "अरे, दरवर्षी पाणी येतं तर तुम्ही शिफ्ट का होत नाही?" मी बरीच वर्षं हसून विषय बदलायचो. आज उत्तर देतो.

आमचे पणजोबा मोटेनं पाणी काढायचे. चामड्याची मोट, बैलजोडी, आणि नदीकाठचं मळीचं रान. पूर येऊन गेला की गाळ बसतो, त्या रानाला आमच्याकडे मळी म्हणतात. तिथं फार खताची गरज पडत नव्हती. पूर हा नुकसानीचा होताच, पण तो काहीतरी ठेवून पण जायचा. तेव्हा उन्हाळ्यात नदी आटायची, डबकी उरायची. मग भोगावतीवर राधानगरीचं धरण आलं. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. धरणातनं सोडलेलं पाणी नदीतच अडवायचं म्हणून बंधारे आले. दगडी खांब, मध्ये खाचा, खाचांत लाकडी फळ्या. त्याला आमच्याकडे बरगे म्हणतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी बरगे काढायचे, पाऊस संपला की परत घालायचे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असंच नाव आहे. आमच्या गावचं नाव पुस्तकात नाही, पण जिल्ह्याचं आहे, तेवढ्यावर समाधान.

त्या पाण्यानं ऊस आला. आण्णांच्या तरुणपणी आमच्या भावकीचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणावर मोठी काहील, तिच्यात उसाचा रस, मळी काढायला भेंडीचं पाणी, आणि गुळव्या उभा राहून पाकाकडे बघत असायचा. कधी उतरवायचं ते तोच सांगणार. थर्मामीटर वगैरे काही नाही. आता गंमत बघा, हीच काहील पावसाळ्यात होडी व्हायची. पूर आला की काहील पाण्यात सोडायची, चार माणसं बसायची आणि पलीकडं. आज्जी सांगते, लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात माहेरचा निरोप आला तेव्हा ती काहिलीत बसून गेली होती. "गोल गोल फिरतीया नुसती. उतरल्यावर पण मी गोलच फिरालो." आमच्या कोल्हापुरात बायका पण 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तेव्हा दचकू नका.

आणि म्हशी. आमच्या घरात उसापेक्षा म्हशींना मान जास्त. उसाचं बिल कधी येईल ते कारखान्याला माहीत, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. आण्णांचे वडील म्हशी घेऊन गंगावेशीत जायचे, कट्ट्यावर, गिऱ्हाईकासमोर धार काढायला. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, बाकीच्यांनी आलात की पेलाभर धारोष्ण दूध पिऊन बघा. १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ झाला, पुढं गावात डेअरी आली, तेव्हा नदी ओलांडायचं बंद झालं. पण पहाटे चारला उठायचं काही बंद झालं नाही. माझं बीटेक त्या दहा दिवसांच्या बिलातनं झालंय. हे मी लिंक्डइनवर लिहीत नाही, इथं सांगतो.

आता १९८९. जुलैमध्ये महापूर आला. गाव पाण्यात. त्यानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाली. सोनतळी म्हणजे वरच्या अंगाला, उंचावर. शाहू महाराजांच्या वेळचा सोनतळी कॅम्प, तोच. आण्णांना पण जागा मिळाली. त्यांनी तिथं एक खोली बांधली, पत्रा घातला, कुलूप लावलं आणि खाली परत आले.

पेपरात वाचणाऱ्याला वाटतं, बघा, जागा दिली तरी जात नाहीत, हट्टी लोक. मलाही कॉलेजात असंच वाटायचं. एकदा आण्णांना तसं बोललो. त्यांनी मला ओरडलं नाही. म्हणाले, "चल, म्हशीला वर घेऊन जाऊया. मग तू सांग." मी खरंच विचार करायला लागलो. आमच्या वाट्याच्या जागेत घर बसतं. पण गोठा? उकिरडा? वैरणीची गंज? म्हशी डुंबायला पाणी? आणि रान तर खालीच. म्हणजे पहाटे वरनं खाली यायचं, वैरण कापायची, डोक्यावर घेऊन वर जायचं, धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, परत खाली रानात. दिवसातनं दोनदा. जागा माणसाला मिळाली होती. म्हशीला मिळाली नव्हती. आणि आमच्या घरात माणूस म्हशीच्या मागनं जातो.

मग आण्णांनी काय केलं? चौकटीवर रेघ कोरली, आणि त्या रेघेच्या हिशोबानं गोठ्याचं जोतं उचललं. रेघेच्या वर दीड हात. दगड-मातीचा उतार केला, म्हशी चढून जातील असा. माझ्या भाषेत सांगायचं तर माणसानं डिझाईन स्टँडर्ड ठरवलं, सेफ्टी मार्जिन ठेवलं आणि बांधलं.

२००५ ला परीक्षा झाली. मी लहान होतो, पण आठवतंय. घरात गुडघाभर पाणी, आम्ही पोरं माळ्यावर, आणि गोठा कोरडा. म्हशी रवंथ करत बसलेल्या. आण्णा जिंकले. पप्पांनी लाल रेघ मारली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. नदी इथंपर्यंत येते. याच्या वर येत नाही.

आता २०१९. आण्णा तोवर गेले होते. मी बावीस वर्षांचा, पुण्यात पहिली नोकरी. पाच ऑगस्टला सोमवार होता, नागपंचमी. त्याआधीच पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोल्हापुरात नदी मोजतात ती कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा विचारतो, "किती झालं?" आणि समोरच्याला कळतं.

मी पुण्यात बसून दर तासाला आकडा बघत होतो. आकडा चढतच होता. मी फोन केला. "पप्पा, वर जावा. सोनतळीला जावा."

पप्पा म्हणाले, "बाळ्या, रेघ ठाऊक हाय न्हवं तुला? दोनदा तिथंच थांबलंय. गोठा वर हाय. तू तुझं काम कर."

मंडळी, इथं थांबून नीट ऐका, कारण माझ्यासाठी या भागातली हीच खरी गोष्ट आहे. माझ्याकडे आकडा होता. पप्पांकडे रेघ होती. आणि ते दोन्ही एकमेकांशी बोलत नव्हते. राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट म्हणजे आमच्या गोठ्यात किती? मला माहीत नव्हतं. पप्पांनाही नव्हतं. मी इंजिनिअर असून तो एक साधा सवाल मला सुचला नाही. मी फक्त घाबरून "जावा, जावा" म्हणत राहिलो. घाबरलेल्या पोराचं बाप ऐकतो होय? बापाकडे त्याच्या बापानं कोरलेला पुरावा होता.

त्या रात्री पाणी रेघेच्या वर गेलं. पहाटेपर्यंत गोठ्यात. पप्पांनी विळ्यानं दावी कापली. सहा म्हशी आणि एक रेडकू. म्हैस पोहते, ती आपली आपण वाट काढते, म्हणून बांधलेली ठेवायची नाही, सोडून द्यायची, हे पिढ्यान् पिढ्या माहीत असलेलं. पण कापताना हात चालत नाही, असं पप्पा म्हणाले. नंतर एकदाच म्हणाले, परत कधी नाही.

घरचे सगळे शेजारच्या स्लॅबवर. बोट आली तेव्हा आज्जी उठेना. "म्हसरं तिकडं पाण्यात आणि मी बोटीत व्हय? मी न्हाई येत. मी हितंच ऱ्हातो." शेवटी आईनं आणि काकूनं दोन्ही बाजूंनी धरून बसवली. हे सगळं मला नंतर कळलं. कारण त्या वेळी मोबाईल बंद, लाईट नाही, आणि मी पुण्यात अडकलेलो. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली होता, जवळजवळ आठवडाभर बंद. दोन दिवस मला घरचं कुणी जिवंत आहे का एवढं सुद्धा माहीत नव्हतं. मी ऑफिसात बसून टिकेट क्लोज करत होतो. दुसरं काय करणार.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्या वेळी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या चौकटीची वरची पट्टी बुडाली. म्हणजे आण्णांच्या रेघेपासून पुरुषभर वर. पाच म्हशी नंतर सापडल्या, रस्त्याच्या भरावावर उभ्या होत्या. एक म्हैस आणि रेडकू नाही सापडलं.

मी गावात पोचलो तेव्हा आज्जी चौकटीजवळ बसून ओल्या फडक्यानं चिखल पुसत होती. रेघा तिथंच होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि डोक्यात एकच आलं, दोन डेटा पॉइंट. आपण दोन डेटा पॉइंटवरनं कमाल मर्यादा ठरवली. आण्णांची चूक नव्हती. त्यांच्याकडे होतं तेवढ्यातनं त्यांनी उत्तम काढलं. चूक ही झाली की आम्ही त्या रेघेला नदीची मर्यादा समजलो. ती फक्त आमच्या आठवणीची मर्यादा होती.

तुम्ही पूररेषा हा शब्द ऐकला असेल. निळी रेषा आणि लाल रेषा. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा. सगळ्यांना वाटतं, पंचवीस वर्षांतनं एकदा, म्हणजे आत्ता येऊन गेला की पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. दरवर्षी नवा टॉस. न येण्याची शक्यता ९६ टक्के, ती पंचवीस वेळा गुणा, उरते साधारण ३६. म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के. आणि लागोपाठ दोनदा यायला नदीला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय हा हिशोब जुन्या पावसावर काढलेला. पाऊसच बदलला, नदीकाठी भराव पडले, तर हिशोब बदलतो.

त्या दिवाळीत मी पप्पांना म्हणालो, मी ॲप बनवतो. पप्पा म्हणाले, "लाईट गेल्यावर तुझं ॲप कोण बघणार?" बरोबर होतं. मग आम्ही कागद घेतला. डाव्या बाजूला राजाराम बंधाऱ्याचे फूट. उजव्या बाजूला आमच्या खुणा: खालच्या रानातली मोटर, मळीची वाट, चिंच, गल्लीचं तोंड, आमची पायरी, आण्णांची रेघ, गोठ्याचं जोतं. जुने पेपर, शेजाऱ्यांच्या मोबाईलमधल्या फोटोंची वेळ, आणि आज्जीची आठवण, असं करून जुळवलं. आज्जीची आठवण सगळ्यात अचूक निघाली, कारण तिला कुठली म्हैस कधी व्याली ते आठवतं आणि त्यावरनं दिवस सांगता येतो. कागद लॅमिनेट केला आणि गोठ्याच्या खांबाला ठोकला. आणि कागदावर एक ओळ पप्पांनी स्वतः लिहिली: "चिंचेला पाणी लागलं की म्हशी वर." माणसं असं नाही लिहिलं. म्हशी. म्हशी वर गेल्या की माणसं आपोआप जातात.

२०२१. जुलै. आषाढी होऊन दोन दिवस. लॉकडाऊनमुळे मी घरूनच काम करत होतो, चिखलीत. संध्याकाळी मीटिंग चालू होती. पप्पा खिडकीत आले आणि म्हणाले, "चिंच." मी कॅमेरा बंद केला. ट्रॅक्टरला ट्रॉली लावली, तीन खेपा केल्या. म्हशी, वैरण, भांडी, शेवटी आज्जी. ती ट्रॉलीत म्हशीच्या शेजारी उभी राहून आली, दोरी हातात धरून. आमच्यासारखी कितीतरी घरं त्या दिवशी जनावरं घेऊन वर चालली होती. रस्ता भरलेला. कुणी ओरडत नव्हतं, घाई होती पण गोंधळ नव्हता.

पाणी परत ५५ फुटांच्या पलीकडं गेलं. घर परत बुडालं. दोन वर्षांत दुसऱ्यांदा फ्रीज गेला, कपाट फुगलं, भिंतीचा गिलावा सुटला. नुकसान नाही झालं असं मी म्हणत नाही. पण रात्री सोनतळीच्या त्या एका खोलीत अकरा माणसं झोपली होती आणि बाहेर पत्र्याखाली म्हशी होत्या. आज्जीनं मोजल्या. परत मोजल्या. मग झोपली.

आता ऑफिसवाल्यांच्या प्रश्नाकडे. तुम्ही शिफ्ट का होत नाही?

गेल्या वर्षी मला पुण्यात फ्लॅट बुक करायचा होता. सॅम्पल फ्लॅट बघून झाला होता. बुकिंगचे पैसे बाजूला काढलेले. त्याच आठवड्यात पप्पांना बोललो, वरच्या जागेला लागून जरा जमीन मिळत्ये का बघा. मिळाली. आता तिथं गोठा उभा राहतोय. पाण्याची टाकी, कडबाकुट्टीला थ्री फेज, वैरण ठेवायला शेड. आण्णांना १९८९ ला जे मिळालं नव्हतं ते, म्हशीची जागा.

पप्पा खूश आहेत का? विचारू नका. रोज येऊन बघतात, गवंड्याला सूचना देतात, आणि म्हणतात, "ह्यो पावसाळ्यापुरता हं. खालचा गोठा मोडायचा न्हाई." मी वाद घालत नाही. माझं मत वेगळं आहे. मला वाटतं रान खाली ठेवावं आणि झोपायला वर यावं, बारा महिने. पण चार पिढ्या नदीच्या आवाजात झोपलेल्या माणसाला ते सांगायचा हक्क मला, जो आठवड्याला हिंजवडीहून येतो, किती आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आज्जी काय म्हणते? तिनं नवीन गोठ्याचं जोतं बघितलं आणि विचारलं, "हितं पाणी येत न्हाई न्हवं?" मी म्हणालो, नाही येत. ती म्हणाली, "तुझा आज्जा पण असंच म्हणायचा."

म्हणून आम्ही वरच्या गोठ्यात पण कागद ठोकणार आहे.

तर मंडळी, एक काम सांगतो. तुमचं घर नदीकाठी असेल, कृष्णा, वारणा, गोदावरी, सावित्री, कुठलीही नदी, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. मोबाईलचं रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, पाणी कुठंपर्यंत आलं होतं? कुठल्या झाडाला लागलं की उठायचं? आणि मग ते तुमच्या इथल्या सरकारी आकड्याशी जुळवा. कागदावर. लाईट गेल्यावर दिसेल असं. व्हॉइस नोट मला पाठवलीत तर पुढच्या एखाद्या भागात ऐकवीन.

चौकटीवर आम्ही २०१९ ची रेघ मारलेली नाही. मारायला जागाच नाही, पाणी चौकटीच्या वर होतं. ती रेघ आता भिंतीवर आहे, आणि तिच्या वर बरीचशी भिंत मोकळी ठेवलीय.

चला, पाऊस वाढला. पप्पा हाक मारतायत, धारेची वेळ झाली. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.